विंडोज ११: सवय मोडली की सोय गेली?

'विंडोज ११ला विरोध म्हणजे निव्वळ सवयीचा प्रश्न, महिनाभरात विसराल' असं एक मत मांडलं जातं; मला ते पटलं नाही. स्टार्ट बटण मधोमध आलं, हा सवयीचा भाग. सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार > टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' केलं की विषय संपला.

पण २०२१च्या पहिल्या आवृत्तीत फाइल ओढून टास्कबारवरच्या आयकॉनवर नेता येत नव्हती आणि एकाच प्रोग्रॅमच्या खिडक्या नावांसह वेगळ्या दिसत नव्हत्या. दिवसभर पाच-सहा एक्सेल फाइली उघड्या ठेवणाऱ्याला दर वेळी एक क्लिक जास्त! लोकांनी फीडबॅक हबवर (सूचना-तक्रारी कळवायच्या मायक्रोसॉफ्टच्या ॲपवर) सतत मागणी लावून धरली. पहिली सोय २०२२मध्ये परतली, दुसरी २०२३मध्ये.

राइट-क्लिकचं दुखणं वेगळंच. कट, कॉपी, रीनेम यांची चिन्हांची पट्टी कर्सरच्या जवळ राहावी म्हणून मेन्यू वर उघडला की खाली येते, खाली उघडला की वर. त्यामुळे हाताला जागा पाठ होतच नाही. शिवाय सेव्हन-झिपसारख्या (फाइली आकसून एकत्र बांधणाऱ्या) प्रोग्रॅमचे जुने पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'मागे दडतात. शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा, जुना मेन्यू थेट उघडतो. रीनेमला एफ२ पुरे.