म्हशींच्या आंबोणात ओव्याचे तेल घालावे का?

प्रश्न (करवीर): आमच्या पंढरपुरी म्हशींना उसाचे वाढे आणि कडबा असतो. ओवा, लवंग किंवा लसणाच्या तेलाने जनावराच्या पोटात तयार होणारा मिथेन वायू घटतो असे वाचले. ते आंबोणात मिसळावे का?

उत्तर (कागल): ओव्यातील थायमॉल व लवंगेतील युजेनॉल कोटीपोटातील (वैरण आंबते त्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना रोखतात, म्हणून प्रयोगशाळेत मिथेन घटलेला दिसतो; परंतु जिवंत जनावरात ते जंतू पुष्कळदा जुळवून घेतात आणि परिणाम ओसरतो. मात्रा वाढवल्यास वैरणीचे पचनच मंदावते, शिवाय उग्र वासाने म्हैस आंबोणाला तोंड लावत नाही. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय कृपया देऊ नका.

उत्तर (शिरोळ): खाद्यातील सुमारे २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेनरूपाने, मुख्यतः ढेकरांवाटे, वाया जाते, त्यामुळे आपली काळजी रास्तच आहे. माझ्या मते आधी वाढ्यांच्या जोडीला मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि लसूणघास (ल्युसर्न हा हिरवा चारा) द्यावा, कारण वैरण सकस झाली की दूध वाढून लिटरमागचा मिथेन कमी होतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. या हंगामात मुरघासापासूनच सुरुवात करतो.