दिवाळी पहाटेला स्टेजवर लाइव्ह पेंटिंग करायचंय, तयारी काय काय करू?

रंगरेघ_ठाणे
नमस्कार मंडळी, आमच्या इथल्या एका सांस्कृतिक मंडळाने दिवाळी पहाटेला बोलावलंय, गाणं चालू असताना स्टेजवर चित्र काढायचं. गाणाऱ्या ताई आधी अहिरभैरव रागातला ख्याल गाणार, मग नाट्यगीतं, अभंग आणि शेवटी भैरवी, म्हणजे दोनेक तास. उघड्या मैदानात, पहाटे साडेपाचला. माझं जी.डी. आर्ट (चित्रकलेची पदविका) झालंय पण हात बसलाय तो ऑइलवर, लोकांसमोर कधी काढलेलं नाही. ३ बाय ४ फुटी कॅनव्हास पुरेल का, रंग कुठले घेऊ? आणि मुख्य म्हणजे गाण्याशी मेळ कसा ठेवायचा? संथ आलापीला हळू आणि वेगवान तानेला सपासप ब्रश, असलं मला करायचं नाहीये, ते खोटं वाटतं.

कुंचला_नाशिक
ऑइल घरीच ठेवा. टर्पेंटाइनचा वास गाणाऱ्याच्या घशात जातो, आणि ओला कॅनव्हास परत न्यायचा कसा? अ‍ॅक्रिलिकच घ्या, पण दव असेल तर पहिला थर लवकर वाळत नाही आणि नंतर ऊन आलं की पॅलेटवरच साय धरते, म्हणून पाण्याचा फवारा जवळ ठेवा आणि रंग थोडाथोडाच काढा. साइज ठीक आहे, शेवटच्या रांगेतूनही दिसेल.
पहाटेच्या कार्यक्रमात खरा घोळ उजेडाचा असतो बरं का. पिवळ्या लाइटखाली पिवळा आणि पांढरा जवळपास सारखेच दिसतात, निळा काळपट वाटतो, आणि उजाडलं की तेच चित्र भलतंच दिसायला लागतं. तेव्हा डब्यांवर रंगांची नावं ठळक लिहा आणि अंधारात फक्त बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि निळ्यात छायाप्रकाश बांधून घ्या, खरे रंग उजाडल्यावर. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं तेही धरून चला. लाइटवाल्याला आधीच गाठून सांगा की कॅनव्हासवर साधा पांढरा लाइट पाहिजे, लाल टाकला तर पांढऱ्यावर मारलेला लाल दिसतच नाही.

ठेका_सातारा
मी तबला वाजवतो, अशा कार्यक्रमात साथीला बसलोय म्हणून सांगतो. ईझल तबल्याच्या बाजूला नको, पेटीच्या पलीकडे आणि तिरका लावा, ताईंची आणि तबल्याची नजरानजर तुटली की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र यायची मजा जाते. ताणलेला कॅनव्हास ढोलासारखा वाजतो, रंग लावायचं नाइफ ओढलं की खर्रकन माइकमध्ये येतं, त्यापेक्षा प्लायवर चिकटवलेला कॅनव्हास घ्या. चपला खाली काढा आणि स्टेजवर येरझाऱ्या नकोत, फळ्या धप धप वाजतात.
मेळाचं म्हणाल तर ताईंच्या रियाजाला आधी जाऊन बसा, बंदिश कानात बसू द्या. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं सुद्धा असतं, तेवढा वेळ ब्रश खाली ठेवून नुसतं ऐकत उभं राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. आम्हीसुद्धा साथ करताना जागा सोडतोच की. चित्रकार गाणं ऐकतोय हे लोकांना लगेच कळतं.

कानसेन
स्पष्ट लिहितो, राग नसावा. मला हा प्रकार ख्यालाच्या वेळी नकोच वाटतो. कोमल रिषभाच्या सुरावर गायिका थांबलेली असते आणि आजूबाजूचे लोक मोबाइल वर करून कॅनव्हासचं शूटिंग करत असतात, जीव तुटतो हो. भीमसेनजींच्या गाण्यासोबत चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी स्टेजवर चित्र काढलं होतं हे मला माहीत आहे, पण ते दोघं आपापल्या जागी इतके भक्कम की कोणी कोणाला झाकू शकलं नसतं. अमेरिकेत डेनी डेंट दोन्ही हातांत मूठ मूठ ब्रश धरून रॉकच्या तालावर गायकांची भलीमोठी पोर्ट्रेट्स काढायचा, तिथे तो आवेश शोभतो, त्या गाण्यातच तो आहे. आपल्याकडे नाट्यगीतापासून सुरू करा ना, अहिरभैरव लोकांना ऐकू दे.

ठेका_सातारा
@कानसेन मोबाइलचं अगदी पटलं, पण ख्यालातच तर चित्राला वेळ मिळतो! नाट्यगीत पाचसात मिनिटांत संपतं, तेवढ्यात हा माणूस काय काढणार?

वकीलबाई_पुणे
एक महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. मंडळाने पैसे देऊन चित्र काढून घेतलं तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटचे पहिले मालक तेच ठरतात. मग उद्या त्यांनी कॅलेंडर छापलं तरी तुम्हाला बोलता येणार नाही. मूळ चित्र कोणाकडे राहणार, छापायचा हक्क कोणाचा, रंग-कॅनव्हासचा खर्च कोण देणार, हे आधीच एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीचे लोक आहेत म्हणून संकोच करू नका.

रंगरेघ_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. कराराचं तर डोक्यातच नव्हतं, उद्याच मंडळाशी बोलते. @कानसेन तुमचं मनाला लागलं. ताईंना विचारून असं ठरवतेय की आलापीभर मी खाली बैठकीवर बसून ऐकणार, बडा (विलंबित) ख्याल रंगात आला की उठून फक्त सिएना-निळ्यात पाया घालणार, आणि रंग नाट्यगीतं सुरू झाल्यावर. तोवर उजाडलेलंही असेल. @ठेका_सातारा प्लायवर कॅनव्हास फेविकॉलने चिकटवला तर दवाने फुगे येतील का? की प्लायलाच प्रायमर मारून थेट त्यावर काढू?