शर्टाचं कापड लक्ष्मी रोडवरून घ्यावं की सरळ तयार शर्ट?

पन्हा_५८

सण जवळ आले की हा वाद दर वर्षी निघतो आणि 'ज्याची त्याची आवड' म्हणून मिटतो. यंदा जरा मुद्द्यावर बोलू. माझं मत: पुण्यात राहून तयार शर्ट घेणं म्हणजे मंडईला लागून घर असताना डब्यातले वाटाणे खाणं. लक्ष्मी रोडवर आणि आतल्या पेठांमध्ये फक्त शर्टिंग-सूटिंग विकणारी दुकानं अजून टिकून आहेत. तागा समोर उलगडला जातो, कापड हाताला लागतं आणि काउंटरमागचा माणूस सुताचा काउंट, म्हणजे धागा किती बारीक ते, न बघता सांगतो. मॉलमध्ये हे विचारून बघा.

नवख्यांसाठी हिशेब. भाव विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४० छातीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट ५८ इंची पन्ह्यात १.६० मीटरमध्ये निघतो. ३६ इंचीला सव्वादोन ते अडीच मीटर लागतात. म्हणजे ४०० रुपये मीटरचं ३६ इंची कापड ९०० रुपयांना पडतं आणि ५५० रुपये मीटरचं ५८ इंची ८८० ला. स्वस्त वाटणारा तागा महाग निघतो तो असा. पँटला ५८ इंचीत १.२० ते १.३० पुरे. मोठ्या चौकड्यांचं कापड असेल तर २० ते २५ सेंटिमीटर जास्त घ्या, नाहीतर खिशाची रेघ एकीकडे आणि छातीची दुसरीकडे.

आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. कापड दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात बघा. चांगला दुकानदार हे स्वतःच सुचवतो.

बिनइस्त्री

पन्ह्याचा हिशेब चोख आहे, पण शर्ट म्हणजे नुसतं कापड नव्हे. शर्टाचं तोंड म्हणजे कॉलर, आणि तिथे गल्लीतला शिंपी हरतो.

कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे अस्तर, म्हणजे फ्युजिंग, असतं त्याला एका बाजूने गोंद असतो. कारखान्यात ते प्रेसमध्ये ठरावीक उष्णता, ठरावीक दाब आणि ठरावीक सेकंद देऊन चिकटवतात. शिंपी हातातल्या इस्त्रीने चिकटवतो. कुठे जास्त ताप, कुठे कमी, दाब हाताच्या जोरावर. चार धुण्यांनंतर कॉलरवर पापडासारखे फुगे येतात आणि ते नंतर कितीही इस्त्री केली तरी बसत नाहीत. दीड हजाराच्या तयार शर्टात ही तक्रार क्वचित.

शिलाईचंही तेच. चांगल्या तयार शर्टात इंचाला १४-१६ टाके असतात आणि बाजूची शिवण दुमडून दुहेरी मारलेली असते. हंगामात घाईत शिवलेल्या शर्टात टाके मोजा. आठ-नऊ निघाले तर नवल वाटून घेऊ नका. वर तीन आठवडे थांबा, ट्रायलला जा, परत जा. तयार शर्ट दहा मिनिटांत घालून बघता येतो.

तिरकसधागा

फुग्यांचं कारण अर्धंच सांगितलंत. गोंद कमी चिकटला हे एक. दुसरं, आणि जास्त वेळा घडणारं: कापड आटतं, फ्युजिंग आटत नाही. वरचं कापड आखडतं आणि चिकटलेला भाग सुटतो. हा दोष शिंप्यापेक्षा न भिजवता कापड शिवायला टाकणाऱ्याचा.

साधं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४ टक्के धरले तर ३० इंच उंचीचा शर्ट सव्वा इंचाने आखूड होतो आणि १६ इंची गळा अर्ध्या इंचाहून जास्त आवळतो, म्हणजे वरचं बटण कायमचं बंद. किनारीवर 'सॅनफोराइज्ड' छापलेलं असेल तर आटणं साधारण १ टक्क्याच्या आत राहतं. तसं नसेल तर भिजवायचंच.

पद्धत: कापड रात्रभर साध्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. सकाळी पिळू नका. सावलीत दोरीवर सरळ पसरा आणि दमट असतानाच इस्त्री फिरवा. किती आटलं ते कळायला हवं असेल तर आधी एका कोपऱ्यात २५ सेंटिमीटरचा चौकोन पेनने आखून ठेवा. वाळल्यावर उभ्या बाजूला २४ भरले तर ४ टक्के गेले. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होतो असं घराघरांत सांगतात. कापड एकदा रंगवून आल्यावर घरच्या मिठाने काही पक्कं होत नाही.

आणि हे आटणं गृहीत धरून १.६० ऐवजी १.७० घ्या. १० सेंटिमीटरचे ५०-६० रुपये जातात, शर्ट वाचतो.

हिशेबनीस

कर कोणी काढलाच नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्याहून महाग असेल तर १८ टक्के. कापडाला मात्र कितीही महाग असलं तरी ५ टक्केच. म्हणजे २४०० च्या शर्टावर १२० रुपये कर आणि २६०० च्या शर्टावर ४६८. ही २५०० ची रेघ सवलत वजा करून उरलेल्या विक्रीच्या किमतीवर बघतात, छापील किमतीवर नाही.

हे दोन्ही बाजूंना कापतं. आधी १००० च्या वरच्या तयार कपड्याला १२ टक्के होते. त्यामुळे १००० ते २५०० मधला तयार शर्ट करापुरता स्वस्त झाला, म्हणजे बिनइस्त्री यांची बाजू. भारी लिननचा शर्ट किंवा ब्लेझर हवा असेल तर कापड घेऊन शिवण्यात करच एवढा वाचतो की शिलाईतला बराच भाग निघतो, म्हणजे पन्हा_५८ यांची. अट एकच, बिल घ्यायचं.

बिनइस्त्री

बिलाचा विषय निघालाच आहे तर पेठेतल्या बिलावर खाली काय छापलेलं असतं तेही सांगा: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मॉलमध्ये १५ दिवसांत बदलून मिळतं.

हिशेबनीस

ते वाक्य सदोष मालाला लागू पडत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पण 'घरी गेल्यावर रंग आवडला नाही' हा दोष नव्हे, आणि कापलेलं दीड मीटर कोणीच परत घेणार नाही. मॉलची अदलाबदल ही त्यांची सोय आहे, कायद्याने दिलेला हक्क नाही. दोन्हींत गल्लत नको. कापड घेताना मात्र काउंटरवरच पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग कापायच्या आधी दिसला तर प्रश्नच मिटतो.

सदाशिवपेठी

पार्किंगबद्दल कोणीच बोललं नाही, याचा अर्थ सगळे चालत जाणारे किंवा नुसतं लिहिणारे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं. तिथे उतरून तुळशीबागेतून पाच-दहा मिनिटांत लक्ष्मी रोड. गाडी घेऊन येणाऱ्यांनी येऊ नये ही नम्र विनंती, आम्हाला इथे राहायचं आहे. दुपारी एक ते चार काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. दुकान ठरलेलं असेल तर फोन करून निघा.

काठपदर

शर्टावरून भांडताय खरे, पण पेठेतल्या दुकानाची खरी परीक्षा साडीच्या गादीवर होते. मी दोन्ही बाजूंशी थोडी असहमत आहे: शर्ट खुशाल तयार घ्या, साडी घेऊ नका ऑनलाइन.

पैठणी बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग विणतानाच शेजारच्या रंगात अडकवत नेलेला असतो. मशीनवरच्या पदराच्या मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे सापडतात. फोटोत हे कधीच दिसत नाही, कारण फोटो सुलट्या बाजूचा असतो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन म्हणजे दुकानातली प्रत्येक 'पैठणी' खरी असं नव्हे. पदर उलटा करून दाखवायला का-कू करणाऱ्या दुकानातून उठावं. रेशमासाठी सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल मागा. 'सेमी', म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी पण अस्सल नसलेली, असेल तर तसं स्पष्ट सांगणारे दुकानदारही पेठेत आहेत. सेमी घेण्यात काही वाईट नाही, सेमीला खऱ्याचे पैसे देण्यात आहे.

नऊवारीचंही तेच. नऊ वार म्हणजे साधारण ८.२० मीटर. ऑनलाइन 'नऊवारी' शोधलं की बऱ्याचदा शिवलेली समोर येते. दुकानात पट्टीने मोजून घ्या. सहावारीत साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर, एकूण ६.३० भरलं पाहिजे.

मॅचिंग सेंटर तर पेठेबाहेर कुठे मिळणार? टू बाय टू रुबिया या ब्लाउजच्या कापडाच्या शेकडो छटा एका भिंतीवर, आणि गादीवरचा माणूस काठाकडे बघून तिसऱ्या रांगेतला नेमका गठ्ठा ओढतो. फक्त घरी आणल्यावर अस्तर आणि फॉल दोन्ही भिजवून, वाळवून मगच शिवायला द्या. न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीची कड चुण्यांनी वर ओढली जाते. मग दोष पिकोवालीला.

पन्हा_५८

काठपदर, साडीबद्दल वाद नाहीच. पण 'शर्ट खुशाल तयार घ्या' हे काही पटलं नाही. तयार शर्टाचं माप कोणत्या शरीरावरून काढलं? एका ब्रँडचा ४० दुसऱ्याच्या ४२ एवढा असतो. भारतीय मापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेला इंडियासाइझ हा प्रकल्पच हाती घ्यावा लागला. ज्याचं पोट ४२ आणि खांदा ४० चा, त्याला तयार शर्ट पोटावर बसला तर खांद्यावरून ओघळतो. शिंपी तीरा (खांद्याची रुंदी), छाती, पोट वेगवेगळं मोजतो. शिवाय तयार शर्टात शिवणीत आत सेंटिमीटरभरच कापड असतं, सोडायला जागा नाही. शिंप्याला सांगून पोटाच्या बाजूला दोन्हीकडे इंचभर माया, म्हणजे शिवणीत आत जादा कापड, ठेवली तर दिवाळीनंतर उसवून सैल करता येतं.

बिनइस्त्री

मायेचा मुद्दा मान्य. पण तुमच्या त्या काउंट न बघता सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं? 'प्युअर कॉटन आहे साहेब' हे वाक्य पेठेत जितक्या सहज निघतं तितकं कुठेच नाही. तयार शर्टाच्या आत निदान लेबल असतं.

तिरकसधागा

लेबलही छापलेलंच असतं. परीक्षा स्वतः करा. कडेचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ आणि करडी. पॉलिएस्टर वितळून काळा, कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

फसगत होते ती व्हिस्कोसमध्ये, म्हणजे ज्याला बाजारात रेऑन म्हणतात त्यात. ते कापसासारखंच जळतं, त्यामुळे काडी पेटवून काही कळत नाही. त्यासाठी वीतभर धागा घ्या, मधला भाग जिभेने ओला करा आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणा. ओल्या जागी पटकन तुटला तर व्हिस्कोस. कोरड्या जागी तुटला तर सूत, कारण कापूस ओला झाला की उलट बळकट होतो. रेऑनचा शर्ट धुताना जपावा लागतो तोही याचसाठी. ओला असताना पिळला की काखेत आणि कोपरात विरतो.

एक गोष्ट शिंप्याकडची. मापं देऊन निघून येऊ नका. कापताना पाठ, पुढा आणि बाह्या ताग्याच्या उभ्या धाग्यातच ठेवायला सांगा. कापड वाचवायला बाही थोडी तिरपी बसवली की दोन धुण्यांत ती मनगटाकडे पिळवटते. पँटची शिवण पोटरीवर फिरून पुढे येते तीही याच कारणाने. १.६० मध्येच बसवा म्हणून हट्ट धरणारं गिऱ्हाईक हे स्वतः ओढवून घेतं.

बिनइस्त्री

उत्तम. धागा जाळून, चाटून, कापड भिजवून, उभा धागा बघून झाला. कॉलरचे फुगे मात्र अजून तिथेच आहेत.

पन्हा_५८

त्यालाही उपाय आहे. चिकटवायचं फ्युजिंग नको, शिवायचं सुती बकरम घालायला सांगा, आणि तेही भिजवून आटवलेलं. गोंदच नाही तर फुगा येणार कुठून? कॉलर जरा मऊ बसते, धुतल्यावर दर वेळी इस्त्री लागते, पण कापड विरेपर्यंत सपाट राहते.

बिनइस्त्री

दर वेळी इस्त्री! माझं नाव वाचलंत ना? आणि शिवायचं बकरम म्हटल्यावर 'नाही' म्हणून मान न हलवणारा शिंपी अजून कुठल्या गल्लीत आहे तेवढं सांगा. पत्ता मिळाला तर १.७० मीटर उद्याच भिजत घालतो.