मदत हवी आहे: इलेक्ट्रिक ट्रकवर बसायला चालक कां-कू करतायत

धागाकर्ता:

मालवाहतुकीच्या ताफ्यात कोणती गाडी कुठल्या मार्गावर आणि तिच्यावर कोण, हे ठरवणं माझं काम. डिझेलच्या गाड्यांमध्ये आता काही इलेक्ट्रिक ट्रॅक्टर-ट्रेलर (पुढे ओढणारा ट्रॅक्टर, मागे जोडलेला ट्रेलर) आलेत. गाड्या ठीक चालतात, माणसं रुळत नाहीयेत. इथे स्टिअरिंगवर बसणारेही आहेत आणि ऑफिसात बसणारेही, म्हणून विचारतो.

गाडी आवडत नाही असं मुळीच नाही. जो चालवून येतो तो उतरल्या उतरल्या हेच सांगतो, की डोकं शांत राहिलं, अंगाला थरथर नाही, भरलेली गाडी चढावर कशी अलगद उठते. पण दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुढे केली की "आज दुसऱ्या कुणाला द्या" सुरू. तरुण मुलं चटकन शिकतील आणि जुने अडतील असं वाटलं होतं, तेही खरं नाही. सगळ्यात नीट चालवणारा आमचा माणूस निवृत्तीला टेकलाय. त्याने स्क्रीनवरच्या 'उरलेले किलोमीटर' या आकड्यावर चिकटपट्टी लावलीय. म्हणतो, चढ लागला की हा आकडा धाडकन पडतो, उताराला परत वाढतो, उगाच जीव खालीवर. मी फक्त बॅटरीचे टक्के बघतो, असं त्याचं म्हणणं. याउलट एक तरुण चालक बॅटरी निम्मी असतानाच एसी बंद करतो आणि घामाघूम होऊन परततो.

कागदावर हिशोब बसतो. मर्सिडीजच्या ईॲक्ट्रॉस ६००ला ६०० युनिटहून मोठी बॅटरी आहे आणि ४० टनांना एका चार्जवर ५०० किमी असा कंपनीचा दावा आहे. आमच्या गाड्यांची बॅटरी त्याहून लहान, पण मार्गही आखूड. तरी रेंजचीच भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. दुसरी तक्रार घाट उतरताना ब्रेकचा अंदाज येत नाही ही. तिसरी उघडपणे कुणी बोलत नाही, पण पावसात चार्जिंगची गन हातात घ्यायला काही जण कचरतात.

कंपनीच्या माणसाने येऊन प्रशिक्षण दिलं, पण ते स्क्रीनवरची बटणं दाखवण्यापुरतंच. तर काय शिकवावं आणि कुणाकडून? आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ठरलेले चालक द्यावेत की सगळ्यांना पाळीपाळीने बसवावं? जाणकारांनी सांगावं.

लांबपल्ला:

मी इलेक्ट्रिकच चालवतो, त्याआधी सगळी हयात डिझेलवर गेली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रेंजची भीती रस्त्यावर नसते, ती ऑफिसात असते. डिझेल संपलं तर कॅनने आणून ओतता येतं. ही गाडी रस्त्यात झोपली तर उचलून न्यावी लागते, आणि तेव्हा पहिला प्रश्न "निघताना टक्के बघितले नव्हते का?" हाच असतो. मग माणूस एसी बंद करणारच. यावर उपाय साधा आहे. कोणत्या मार्गाला किती टक्क्यांवर निघायचं आणि किती राखून परतायचं, हे ऑफिसने लेखी द्यावं. त्या आकड्याच्या आत राहून गाडी थांबली तर जबाबदारी ऑफिसची. एवढं एक पान हातात पडलं की अर्धी भीती जाते.

एसीचा हिशोबही त्या मुलाला करून दाखवा. भरलेली ४० टनी गाडी सपाटीला किलोमीटरला एक ते सव्वा युनिट खाते. ताशी ६०ने तासाला सत्तरएक युनिट. त्यात केबिनच्या एसीची दोन-तीन. घाम गाळून तो दोन-तीन किलोमीटर वाचवतोय. वेग थोडा उतरवला तर त्याहून जास्त वाचतात.

उतारावर_न्यूट्रल:

प्रशिक्षणाचं सोडा, पगार कसा देता ते सांगा. फेरीवर की तासावर?

धागाकर्ता:

फेरीवर. थोडा भाग किलोमीटरवर.

उतारावर_न्यूट्रल:

मग उत्तर तुम्हीच दिलंत. चार्जरवर गाडी उभी तेवढा वेळ त्याची कमाई शून्य. डिझेल वाचतं मालकाचं, वेळ जातो चालकाचा. आणि कुणीतरी येऊन "डिझेलची वरकमाई बंद झाली म्हणून ओरडतात" असं म्हणायच्या आत सांगतो, तसे लोक आहेत, पण टाकीला सेन्सर लागून जमाना झाला. सगळ्यांना त्याच रांगेत उभं करू नका.

लांबपल्ला:

+१. त्यात चार्जिंग म्हणजे विश्रांती हा मोठा गैरसमज आहे. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची सुट्टी सक्तीची असते, आणि त्या वेळात दुसरं कुठलंही काम करायचं नसतं. सगळे म्हणतात, वा, तेवढ्यात चार्जिंग होऊन जाईल. प्रत्यक्षात मागे दुसरी गाडी ताटकळत असते. आपली भरली की उठा, गन काढा, गाडी हलवा. मोडली ना सुट्टी!

आणि ट्रेलरसकट चार्जरला लागता येईल अशी जागा अजून कमीच असते. बहुतेक जागा मोटारींसाठी आखलेल्या. मग ट्रेलर बाजूला घ्या, त्याचे पाय हॅण्डल फिरवून खाली करा, हवेचे पाइप आणि विजेची जोडणी काढा, पिन सोडा, नुसता ट्रॅक्टर घेऊन चार्ज करा, आणि परत येऊन सगळं उलट्या क्रमाने. पावसात, अंधारात. हे काम कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. तुमच्या मार्गांवर असं करावं लागतं का, ते आधी स्वतः जाऊन बघा.

धागाकर्ता:

एका ठिकाणी करावं लागतं, हो. आणि तो वेळ आम्ही धरत नाही. वेगवान चार्जर आले की हे सुटेल असं वाटत होतं.

वीजतंत्री:

वेग वाढेल हे खरं. ट्रकसाठीच्या मेगावॉट चार्जिंगच्या मानकात कमाल ३.७५ मेगावॉटपर्यंतची सोय आहे. आज आपण वापरतो त्या सीसीएस गनवर साधारण ३५०-४०० किलोवॉट म्हणजे चैन. पण चार्जर वेगवान झाला म्हणून ट्रेलरला जागा होत नाही, ती आखणाऱ्यानेच ठेवावी लागते.

मी गननं धास्तावलेल्या लोकांबद्दल लिहायला आलोय. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. ६००-८०० व्होल्टची गाडी आहे, भीती वाटायलाच हवी, फक्त योग्य गोष्टीची. गन नुसती हातात घेतली तर तिच्यात मुख्य प्रवाह नसतो. ती गाडीत बसून कुलूपबंद होते, चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलून घेतात, इन्सुलेशन तपासलं जातं, आणि मगच वीज सोडली जाते. पावसात वापरता येईल अशीच ती बनवलेली असते. घाबरायचं ते तडा गेलेल्या गनला, केबलचं आवरण सोललेलं असेल त्याला, पिनांत चिखल किंवा पाणी साचलं असेल त्याला. तसं दिसलं तर हात लावायचा नाही, फोन करायचा, आणि त्या उशिरासाठी चालकाला कुणी जाब विचारायचा नाही. नारिंगी केबल म्हणजे उच्च दाब, तिथे चालकाचं काहीच काम नाही.

आगीबद्दलही खरं सांगा. या बॅटऱ्या क्वचित पेटतात, पण पेटल्या तर केबिनमधल्या छोट्या सिलिंडरने विझत नाहीत. भरपूर पाणी बराच वेळ लागतं, विझल्यावर पुन्हा भडकू शकतात. चालकाने लांब जायचं आणि अग्निशमनवाल्यांना "गाडी इलेक्ट्रिक आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आमच्याकडे हे सांगितल्यावर लोक घाबरण्याऐवजी मोकळे झाले, कारण गाडी वाचवायची जबाबदारी त्यांच्यावर नाही हे कळलं.

धागाकर्ता:

हे फार कामाचं आहे. आता घाटाचं कुणी सांगेल का? एकाचं म्हणणं, रोज धरणारी गाडी त्या दिवशी धरेचना.

लांबपल्ला:

तुमचा डेपो घाटमाथ्यावर आहे का? आणि त्या दिवशी १०० टक्के चार्ज करून निघाला होता का?

धागाकर्ता:

दोन्ही हो.

लांबपल्ला:

मग चालक खोटं बोलत नाहीये. उताराला ही गाडी मुख्यतः रिजनने धरते. रिजन म्हणजे मोटर उलटी वापरून वीज तयार करणं आणि ती बॅटरीत टाकणं. ४० टन ५०० मीटर खाली उतरले तर सुमारे ५४ युनिट ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी चाकांच्या आणि हवेच्या रोधात जाते, बाकीची बॅटरीत. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर घेणार कोण? काही गाड्यांना ती जाळायला वेगळा रेझिस्टर असतो. नसेल तर गाडी रिजन कमी करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वरून निघणाऱ्या गाडीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर तोडा. थंडीत बॅटरी गार असतानाही हेच होतं, ती जास्त वीज एकदम घेत नाही.

यात एक खोच आहे. तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर टक्के बरोबर दिसायला ती अधूनमधून पूर्ण भरावी लागते. त्या दिवशी ती गाडी सपाटीच्या मार्गावर लावा. हे चालकाला ठरवता येत नाही, तुम्हालाच येतं.

आणि रिकामा ट्रेलर, ओला रस्ता असेल तर रिजनची दांडी खालच्या टप्प्यावर. नुसती ट्रॅक्टरची चाकं जोरात धरली तर मागचा ट्रेलर ढकलतो. चाक घसरतंय असं वाटलं की गाडी स्वतःच रिजन सोडून देते, आणि तेव्हा क्षणभर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. नव्या माणसाला हे आधी मोकळ्या जागेत अनुभवू द्या. हे शिकवायला तुमचा तो चिकटपट्टीवाला माणूस घ्या, कंपनीचा नको. पण त्या दिवसाची पूर्ण फेरी त्याच्या हिशोबात धरा.

उतारावर_न्यूट्रल:

आणखी एक. कुणी किती युनिट जाळले याची यादी फळ्यावर लावता का?

धागाकर्ता:

लावतो, महिन्याला. स्पर्धा व्हावी म्हणून.

उतारावर_न्यूट्रल:

काढा ती. भरलेली फेरी आणि चढाचा मार्ग ज्याच्या वाट्याला, त्याचं नाव कायम तळाला. तुलना करायचीच तर तोच मार्ग, तेवढंच वजन, तेवढ्यापुरती करा, आणि ज्याची त्याला दाखवा.

पाळीपाळीचं म्हणाल तर सुरुवातीला नको. ज्यांना हवी त्यांना ठरलेली गाडी द्या. गाडी आपली म्हणून हातात राहिली की माणूस तिच्या खोडी शिकतो. रोज बदललीत तर सकाळी कुणी चार्जला लावली नव्हती यावरूनच भांडणं.

धागाकर्ता:

यादी उद्या उतरवतो. लेखी टक्के आणि माथ्यावरच्या गाड्यांना ८०ची मर्यादा हे माझ्या हातात आहे, या आठवड्यात होईल. चार्जरवरच्या वेळेचा मोबदला मात्र वरून मंजूर करून घ्यावा लागेल, आणि तिथे "विश्रांतीच तर घेतात" हेच ऐकायला मिळणार. ज्यांनी हा वेळ पगारात धरायला लावलाय त्यांनी मोजला कसा? गाडीच्या नोंदीतून की चालकाने लिहून दिला? ट्रेलर सोडणं-जोडणं त्यात वेगळं दाखवलं का?