नेत्रपटल म्हणजे डोळ्याचा नेमका कुठला पडदा?

निपाणी: नेत्रदानाच्या पत्रकात ‘नेत्रपटल दान करा’ असं छापलंय आणि मधुमेह शिबिराच्या पत्रकात ‘साखर वाढल्यास नेत्रपटल खराब होते’. दोन्हीकडे एकच पटल का?

बेळगाव: एकच नव्हे, आणि गोंधळ तुमचा नाही, पत्रकं लिहिणाऱ्यांचा आहे. दान केलेल्या डोळ्यातून बसवतात तो पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो दुसऱ्याच्या डोळ्यात रुजतो. साखरेने बिघडतो तो मागचा पडदा, रेटिना; तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. हा पडदा काढून दुसरा बसवता येत नाही. म्हणजे एकाच शब्दात बदलता येणारा आणि न येणारा, दोन्ही पडदे कोंबलेत.

रेटिनाला ‘दृष्टिपटल’ रुळलेला आहे, तोच वापरावा. कॉर्नियाला ‘पारपटल’, ‘स्वच्छमंडल’ असे शब्द आहेत, पण बोलण्यात कुणी आणत नाही. ‘बुबुळ’ म्हणावं तर लोकांच्या मनात काळा भाग येतो, तो कॉर्नियाच्या मागे असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला ‘श्वेतपटल’, त्यात वाद नाही.

मुळात ‘पटल’ म्हणजे थर, आच्छादन. सुश्रुतसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथाच्या उत्तरतंत्र नावाच्या भागात सहा पटलं सांगितलीत: दोन पापण्यांची, चार डोळ्याची, आणि तिमिर म्हणजे नजर अंधुक होण्याचा रोग या चारांत होतो. आजच्या शरीरशास्त्राशी ती एकास एक जुळवण्याचा खटाटोप करू नये, जुळत नाहीत.

चिकोडी: आमच्याकडे ‘डोळ्याला पोरे आलंय’ म्हणतात की. ते कुठलं पटल?

बेळगाव: ते कन्नडातलं ‘पोरे’. सापाची कात तीही पोरेच. ‘कण्णिन पोरे’ म्हणजे आपला मोतीबिंदू. नावात पडदा असला तरी तिथे पडदा काही येत नाही, आतलं भिंगच गढूळ होतं. फलकावर कन्नडात ‘पोरे’ दिसलं म्हणून मराठीत ‘पटल’ करू नका, सरळ ‘मोतीबिंदू’ लिहा.

निपाणी: मग ‘पडदा सरकला’ म्हणतात ते?

बेळगाव: ते दृष्टिपटलच. तो मागच्या थरापासून सुटतो. अचानक ठिणग्या, काळे ठिपके दिसले किंवा एका बाजूने अंधारल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पत्रकात ‘डोळ्याचा मागचा पडदा’ लिहिलंत तरी चालेल, आजीलाही कळेल.