निळा ठिपका: सोळा वर्षांच्या मुलाचं लोकेशन बघत राहावं का?

उंबरठा
मुलगा सोळा वर्षांचा आहे. बाराव्या वर्षी फोन दिला, तेव्हाच लोकेशन शेअरिंग चालू केलं. त्याला सांगूनच. त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. ठिपका मात्र मी रोज बघतो.

परवा रात्री साडेनऊ वाजले तरी हा घरी नाही, फोन लागत नाही. नकाशा उघडला तर ठिपका पुलावर. दहा मिनिटांनी पाहिलं, तिथंच. आणखी दहा मिनिटांनी, तिथंच. पुलावर इतका वेळ कोण थांबतं? बायकोला काही न बोलता स्कूटर काढली. पुलावरून दोन फेऱ्या मारल्या, कठड्यावरून वाकून पाहिलं. अंधारात पाणीसुद्धा दिसत नव्हतं. घरी परतलो तर दार त्यानंच उघडलं, तोंडात टूथब्रश! पुलावर फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. ठिपक्याखाली बारीक करड्या अक्षरांत किती मिनिटांपूर्वीचं लोकेशन आहे ते लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

"कुठे गेला होतास?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पेट्रोल भरायला.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. हे चालू ठेवू की बंद करू?

दोन मुलांची आई
ठेवा चालू. बॅटरी संपली यात ठिपक्याचा काय दोष? माझी मुलगी सायकलनं क्लासला जाते. आधी मी दर अर्ध्या तासानं "कुठे पोचलीस?" म्हणून फोन करायचे आणि ही बया एका हातानं हँडल धरून तो उचलायची. आता मी नकाशा बघते आणि गप्प बसते. यात तिचं स्वातंत्र्य कमी झालं की वाढलं, तुम्हीच सांगा.

काथ्याकूट
मला ठिपक्यापेक्षा पेट्रोलचं नवल वाटलं. मुलानं सरळ प्रश्न विचारला आणि खोटं बोललं कोण, तर बाप. बारा वर्षांच्या पोराला एकदा सांगितलं, म्हणजे सोळाव्या वर्षीही त्याची संमती आहे, हे कसलं गणित?

हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते मुख्यतः पाळत ठेवून कळलेलं नसतं, मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, असं त्यांना आढळलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनंही २०२१ मध्ये म्हटलंय की पालकांची देखरेख प्रमाणात हवी आणि मुलाच्या वाढत्या समजेला धरून हवी.

दोन मुलांची आई
@काथ्याकूट, बालहक्क समिती रात्री साडेनऊला दारात येरझाऱ्या घालत नाही. आणि तो अभ्यास २००० सालचा, तेव्हा पोरांच्या खिशात नकाशे नव्हते. "आपणहून सांगतात" म्हणे! माझा थोरला सगळं सांगतो. धाकटी शाळेतून आली की "काही नाही" आणि "बरं" या दोन शब्दांवर रात्र काढते. दोघं एकाच घरात वाढलेत. न बोलणाऱ्या मुलांच्या आयांनी काय देव पाण्यात घालून बसायचं?

काथ्याकूट
मुद्दा मान्य. पण ठिपक्यामुळे धाकटी बोलायला लागली का?

दोन मुलांची आई
नाही लागली. पण मला झोप लागायला लागली.

सतरा पूर्ण
मी ज्यांचं लोकेशन बघितलं जातं त्यांच्यापैकी एक. आमच्यात ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे: जुन्या हँडसेटवर आपलंच अकाउंट चालू ठेवायचं, लोकेशन त्याच्यावरून जाऊ द्यायचं आणि तो अभ्यासिकेत मैत्रिणीच्या दप्तरात ठेवायचा. ठिपका तीन तास अभ्यास करतो.

एकदा असंच बाहेर गेले होते आणि जिन्यावरून उतरताना पाय मुरगळला. टेकवतासुद्धा येईना. आईला फोन करावा तर आधी हे सांगावं लागणार की मी अभ्यासिकेत नाहीये, आणि मग दप्तरातला फोनही बाहेर येणार. पायरीवर बसून राहिले, दीड तास. शेवटी मैत्रिणीच्या दादानं घरी सोडलं. आईला आजही वाटतं की पाय अभ्यासिकेच्या दारात मुरगळला. ठिपका नसता तर मी पहिला फोन तिलाच केला असता.

दोन मुलांची आई
@सतरा पूर्ण, बाळा, आईला सांगून टाक. रागावेल, पण सांग.

खिडकीकाठ
दोन्ही बाजू भांडताय ते चोवीस तासांच्या लोकेशनवरून. तेवढंच कशाला हवं? व्हॉट्सॲपवर २०१७ पासून लाइव्ह लोकेशन आहे: १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. ज्याचं लोकेशन, तोच पाठवतो आणि वेळ संपली की बंद. आयफोनवर २०२३ पासून 'चेक इन' आहे. ठरलेल्या जागी पोचलात की घरच्यांना निरोप जातो. पोचला नाहीत आणि फोननं विचारल्यावर उत्तरही दिलं नाहीत, तरच लोकेशन आणि बॅटरी किती उरली ते त्यांना दिसतं. रात्रीच्या प्रवासाला एवढं पुरतं.

आणि ठिपका फक्त आईबापच बघतात या भ्रमात राहू नका. लाइफ३६० हे कुटुंबांसाठीचं ॲप लोकेशनचा डेटा दलालांना विकतं, अशी बातमी 'द मार्कअप'नं डिसेंबर २०२१ मध्ये दिली होती. पुढच्याच महिन्यात कंपनीनं अचूक लोकेशनची विक्री बहुतांशी थांबवत असल्याचं सांगितलं. म्हणजे तोवर चालू होती.

दोन मुलांची आई
हे माहीत नव्हतं. आमचं ॲप कुठलं आहे ते आज बघते. पण ८ तासांचं बटण रोज दाबायला लावणं म्हणजे रोज भांडण, हेही लिहून ठेवा.

उंबरठा
सगळ्यांचं वाचलं. पायाचा किस्सा तर दोनदा वाचला. काल रात्री जेवण झाल्यावर त्याला पुलाचं सांगितलं, कठड्यावरून वाकलो होतो तेही. लोकेशन आता बंद. क्लासहून उशीर होणार असेल त्या दिवशी तो स्वतः पाठवेल, असं ठरलंय. बायकोला हे पसंत नाही आणि तिचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.

मग पेट्रोलचं कबूल केलं. तर म्हणाला, "माहितीये. दुसऱ्या दिवशी मला सोडायला निघालास तेव्हा काटा लाल रेघेवरच होता."