पेनलीचे स्थानक: बोट न्यूलिनला, नाव मात्र पेनलीचे का?

प्रश्न:
इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये माउझल ते न्यूलिन चालत जाताना पेनली पॉइंटखाली एक जुने बोटघर जपून ठेवलेले दिसले. त्याच्या दारातून घसरता उतार थेट समुद्रात जातो. आत बोट मात्र नाही. स्वयंसेवकांची बचावनौका आता न्यूलिन बंदरात असते, तरीही स्थानकाला 'पेनली'च म्हणतात. असे का?

प्रतिसाद १:
हे बोटघर 1913 साली सुरू झाले. 19 डिसेंबर 1981 च्या रात्री येथूनच 'सॉलोमन ब्राउन' ही 47 फुटी लाकडी नौका 'युनियन स्टार' या मालवाहू जहाजाच्या मदतीला निघाली. इंधनात समुद्राचे पाणी शिरल्याने त्या नव्या कोऱ्या जहाजाचे इंजिन बंद पडले होते, आणि त्यावर पाच खलाश्यांखेरीज कप्तानाची पत्नी व तिच्या दोन मुली होत्या. वादळात नौदलाच्या हेलिकॉप्टरला कोणालाही उचलून घेता येईना, तेव्हा तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्‌स यांनी नौका पुनःपुन्हा जहाजाला भिडवली. चौघांना उतरवून घेतल्याचा निरोप बिनतारी यंत्रावर आला आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. नौकेवरील आठ आणि जहाजावरील आठ, असे सोळाही जण गेले. 1983 मध्ये मोठी 'आरन' श्रेणीची नौका आली. ती पाण्यातच उभी ठेवायची असल्याने न्यूलिनला गेली, पण नाव बदलले नाही. माझ्या मते, त्या रात्रीनंतर ते बदलायला कोणाचे मन धजावणेही कठीण होते.

प्रतिसाद २:
वरील माहितीला एक जोड. त्या रात्री बोटघरात हजर झालेल्यांत नायजेल ब्रॉकमन आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा नील, असे दोघे होते. एवढ्या खवळलेल्या समुद्रात एकाच घरातील दोघांना नेणार नाही, असे सांगून रिचर्ड्‌स यांनी मुलाला किनाऱ्यावरच ठेवले. पुढे तोच नील पेनलीच्या नौकेचा तांडेल झाला. (गावाचे नाव 'माउसहोल' असे लिहितात, उच्चार मात्र प्रश्नकर्त्यांनी दिला आहे तसाच.) दुर्घटनेनंतर एका दिवसाच्या आत त्याच गावातून नव्या चमूला पुरतील इतकी माणसे पुढे आली, हेही नाव टिकण्याचे कारण मानावे लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. ही माणसे बिनपगारी होती, मग त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांचे काय झाले?

प्रतिसाद १:
ब्रिटनमधील ही बचावसेवा 1824 पासून धर्मादाय संस्था चालवते, सरकारी खाते नव्हे. माउझलच्या कुटुंबांसाठी लोकांनी 30 लाख पौंडांहून अधिक निधी जमवला. त्यावर कर आकारण्याचा सरकारचा विचार कळताच मोठा गदारोळ झाला आणि तो सोडून द्यावा लागला.